लिओटाने रचलेला सामना

लिओटा हेन्स आमच्या रेडिओ स्टेशनात तारेच्या कामावर आली, तेव्हा तिची एकच गोष्ट मला खटकली. डनलेवीसाहेबांच्या विनोदावर ती हसायची नाही. अख्खं मार्बरी शहर हसायचं. न्हाव्याच्या दुकानात, रविवारी चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर, सगळीकडे क्लिफर्ड डनलेवीचे विनोद पुन्हा पुन्हा सांगितले जायचे. ही बाई मात्र तारेच्या यंत्राला कान लावून दगडासारखी बसून राही.

मी तेव्हा स्टेशनात टायपिस्ट होते. पण बेसबॉलच्या मोसमात माझं खरं काम वेगळंच असायचं. आमचा मार्बरीचा संघ परगावी खेळायला गेला की स्टेशन काही तिकडे माणूस पाठवत नसे. तिकडच्या मैदानावरून तारवाला टक-टक करत एकेका चेंडूची खबर पाठवी. आमच्याकडे लिओटा ती ऐकून कागदाच्या चिठ्ठीवर टाइप करी आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवी. आत डनलेवीसाहेब माईकसमोर. चिठ्ठीवर चार अक्षरं असायची: पहिला स्ट्राइक, आत. त्या चार अक्षरांचं साहेब असं काही करत, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिचरची टोपी, त्याच्या मानेवरचा घाम, स्टँडमधल्या बायकांचे पंखे, सगळं उभं राही. मी त्यांच्याशेजारी बसून, दोरीला टांगलेल्या लाकडाच्या ठोकळ्यावर काडी मारत असे. तो बॅटचा आवाज. मागे ग्रामोफोनवर गर्दीच्या गोंगाटाची तबकडी फिरत असे. लोकांना वाटायचं, साहेब तिथेच बसलेत. साहेबांनी तसं कधी स्पष्ट सांगितलं नाही, पण 'मी बसलोय तिथून मला दिसतंय' असं मात्र दर दोन मिनिटांनी म्हणत.

वर त्यांचं ते पुस्तक. 'डोळ्यांदेखत'. मुखपृष्ठावर साहेब, गळ्यात दुर्बीण. त्यात त्यांनी 'प्रत्यक्ष पाहिलेल्या' सामन्यांच्या हकिगती होत्या. औषधाच्या दुकानात काउंटरवर त्याची थप्पी असे, शाळेत बक्षीस म्हणून ते देत, आणि आमच्या पाद्रीबाबांनी त्यातल्या एका प्रकरणावर चक्क प्रवचन केलं होतं. ते प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्याचं नाव 'विकला गेलेला माणूस'. नदीकाठच्या हार्लन फेरी गावच्या संघातला एक खेळाडू, एम्मेट स्प्रेग. मोसमाचा शेवटचा सामना, शेवटची इनिंग. चेंडू त्याच्याकडे येतो आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, पळतच नाही, उलट स्टँडमध्ये बसलेल्या जुगाऱ्यांकडे बघून हसतो. संघ हरतो. साहेबांनी लिहिलं होतं, 'मी इतका जवळ होतो, की त्याच्या दातांतली काडी मला दिसत होती.'

लिओटा आणि मी एकाच खानावळीत राहत होतो. एका रविवारी दुपारी व्हरांड्यात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "तुम्हाला साहेब आवडत नाहीत का हो?"

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "हेन्स हे माझ्या नवऱ्याचं नाव. तो रेल्वेत होता, अपघातात गेला. माहेरची मी स्प्रेग."

"म्हणजे तो..."

"एम्मेट माझा धाकटा भाऊ."

त्या दुपारी तिने मला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. एखाद्या मेलेल्या माणसाच्या सामानाची वाटणी सांगावी तसं सांगितलं.

हार्लन फेरी म्हणजे चिनीमातीच्या कारखान्यांचं गाव. बाप, जोब स्प्रेग, भट्टीवर जाळ घालायचा. एम्मेट संघात निवडला गेला तेव्हा म्हाताऱ्याने भट्टीवरच्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने कॉफी पाजली. तो शेवटचा सामना डोंगरापलीकडे टारव्हिलला होता. डनलेवी तेव्हा हार्लन फेरीच्या छोट्या स्टेशनात होता. तिथेही असंच, तळघरात बसून तारेवरून सामना सांगायचा. त्या दिवशी नवव्या इनिंगला वादळाने तार मध्येच तुटली. तार तुटली की करायचं काय, हे सगळ्या निवेदकांना माहीत असतं. बॅट्समनला फाऊलवर फाऊल, म्हणजे रेषेबाहेरचे फटके, मारायला लावायचं. फाऊल कितीही गेले तरी धावफलक हलत नाही, आणि वेळ निघून जातो. डनलेवीने तेच केलं. तार परत जोडली गेली तेव्हा खबर आली, 'चेंडू सेंटर फील्डला. स्प्रेग पडला. दोन धावा. सामना संपला.'

"पडला," लिओटा म्हणाली. "टारव्हिलच्या मैदानात मधोमध गटाराचं लोखंडी झाकण आहे. त्यात त्याचा पाय अडकला आणि गुडघा उलटा फिरला. त्याला खांद्यावर घालून बाहेर नेलं. पण 'पडला' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला काय मजा? एवढे फाऊल मारून साहेबांनी लोकांना ताणून धरलं होतं. आता काहीतरी जबरदस्त द्यायलाच हवं होतं ना. मग दिला त्यांनी माझा भाऊ."

"पण मग कुणी सांगितलं नाही? संघातले बाकीचे?"

"सांगितलं ना. पण लोकांनी कानांनी ऐकलं होतं. 'आम्ही ऐकलंय,' म्हणायचे. एम्मेट कुबड्या घेऊन परत आला तर म्हणे, नाटक करतोय. आमच्या दारावर रोज सकाळी फुटक्या बशा पडलेल्या असायच्या. त्या गावात फुटक्या बशांना काय तोटा! संघाने काढला. कारखान्याने दारात उभं केलं नाही. मी तेव्हा पुढच्या गावच्या रेल्वे स्टेशनात तारेवर होते. सुटी काढून डनलेवीला भेटायला गेले, पण तो मोठ्या नोकरीच्या शोधात परगावी होता. निरोप ठेवला, एवढंच सांगा म्हणून, की तो पडला. उलट निरोप आला, रेडिओवर दुरुस्ती केली तर ती ऐकतं कोण?"

"आणि वडील?"

लिओटाने सोललेल्या दाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. "बाबांनी घरी रेडिओ ऐकला होता. ते एम्मेटशी बोलले नाहीत. एक शब्दही नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. एम्मेट शेवटपर्यंत त्यांच्या दारात बसून होता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं." मग पाच-सहा शेंगा झपाट्याने सोलून म्हणाली, "ते पुस्तक त्यानंतर आलं."

मला तिच्या हाताला हात लावावासा वाटला, पण ती तसला हात लावून घेणारी नव्हती.

"इथे नोकरी मुद्दामच घेतली ना तुम्ही?"

"मग काय त्याचे विनोद ऐकायला?"

"करणार काय पण?"

"त्याला त्याच्याच जिभेने मारणार. दिवस येऊ दे. तू एवढंच कर, हॅटी. तुझी काडी वाजवत राहा."

मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना 'अगं-तुगं' करू लागलो.

दिवस आला तो सप्टेंबरात, कामगार दिनाच्या सुटीला. मार्बरीचा संघ टारव्हिलला गेला होता. आमचे मॅनेजर बायकोमुलांना घेऊन सहलीला गेलेले. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. खालच्या रेडिओच्या दुकानदाराने दारावर मोठा भोंगा लावला होता, आणि सुटीचे लोक रस्त्यात उभं राहून ऐकायला जमू लागले होते. डनलेवीसाहेब नवा निळा सूट घालून आले. त्यांच्या पुस्तकाचा दुसरा भाग निघणार होता, आणि त्या दिवशी सामना संपल्यावर ते तसं जाहीर करणार होते.

"पोरी, आज ठोकळा जरा जोरात वाजव," मला म्हणाले. "आज सणाचा दिवस आहे. एकदोन होम रन तर हवेतच."

मी पाणी आणायला बाहेर आले. लिओटाच्या यंत्रामागे आवाज मोठा व्हावा म्हणून तंबाखूचा रिकामा डबा लावलेला असे. त्या डब्यात टक-टक झाली आणि थांबली. लिओटाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच रंग पाहिला.

"टारव्हिलला सकाळपासून धो-धो पाऊस," ती म्हणाली. "मैदानाचं तळं झालंय. सामना रद्द."

"मग साहेबांना सांगायला हवं."

"नाही."

"अगं, पण काही झालंच नाही तर तू त्यांना देणार काय?"

"सामना देणार," लिओटा म्हणाली आणि टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. "त्यांनी मला दिला होता, तसा."

मी आत गेले. पाण्याचा ग्लास साहेबांपुढे ठेवला, तबकडीवर सुई ठेवली आणि काडी हातात घेतली. खरं सांगते, माझ्या छातीत धडधडत होतं, पण भीतीने नव्हे. लहानपणी जत्रेत पाळणा वर जाताना होतं, तसं.

पहिली चिठ्ठी फटीतून आली आणि साहेब सुरू झाले.

"मित्रहो, काय सुरेख दुपार आहे टारव्हिलला! आभाळात ढगाचा ठिपका नाही. मी बसलोय तिथून मला स्टँडमधल्या बायका टोप्यांनी वारा घेताना दिसताहेत. मैदानावरची धूळ इतकी कोरडी, की पिचरने पाय आपटला तर खाकरायला होतंय..."

लिओटा न थांबता टाइप करत होती. तिच्या डब्यातून चकार आवाज नव्हता. तिने सामना रचलाही झकास. आधी मार्बरीला पुढे नेलं, मग टारव्हिलला बरोबरीला आणलं, एका धावपटूला, धाव पुरी होते त्या होम प्लेटशी घसरवून बाद केलं. साहेब फुलत गेले. घसरणाऱ्याची विजार फाटली म्हणून सांगितलं. अंपायरचा चष्मा पुसताना दाखवला. मी काडी मारत होते, तबकडीतली गर्दी ओरडत होती.

आमच्या स्टुडिओची खिडकी रस्त्यावर उघडायची. साहेबांची तिकडे पाठ होती, माझं तोंड. रस्त्यापलीकडे संध्याकाळच्या वर्तमानपत्राची कचेरी. तिच्या दारावर मोठा फलक होता, त्यावर परगावच्या सामन्यांचे निकाल लावत. तिसऱ्या-चौथ्या इनिंगच्या सुमारास एक माणूस शिडी घेऊन आला आणि त्याने अक्षरं लावली: टारव्हिल, पाऊस, सामना नाही.

लोकांनी फलक वाचला. मग भोंग्याकडे पाहिलं. भोंग्यातून साहेब सांगत होते, "सूर्य थेट डोळ्यांवर येतोय बिचाऱ्याच्या!" लोकांनी पुन्हा फलक वाचला. एक जाडजूड खाटीक होता, तो पोट धरून खाली बसला. मग हसू पसरत गेलं. गल्लीबोळांतून लोक धावत येऊ लागले. बायका एप्रनला हात पुसत आल्या. रस्ता भरला.

साहेबांना खालचा गलका जाणवला असावा. चिठ्ठ्यांच्या मधल्या उसंतीत त्यांनी वळून खिडकीतून पाहिलं. एवढी गर्दी! ते खूश झाले आणि हात हलवला. खालून सगळ्या रस्त्याने हात हलवून त्यांना उत्तर दिलं. माईक झाकून मला म्हणाले, "बघितलंस? हे असतं बरं का पुस्तकाचं वजन."

मी म्हटलं, "हो, साहेब."

आठव्या इनिंगला एक चिठ्ठी आली. साहेबांनी ती उचलून नेहमीसारखं वाचायला घेतलं. "आणि आता मार्बरीकडून एक बदल. सेंटर फील्डला येतोय..."

ते थांबले. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मला दिसत होतं काय लिहिलंय ते. स्प्रेग.

त्यांनी माईकवर हात ठेवला. "हॅटी, हा स्प्रेग कोण? आपल्या संघात असलं कुणी नाही. त्या बाईला विचार, नाव बरोबर आहे का."

मी काचेतून लिओटाकडे पाहिलं आणि चिठ्ठीकडे बोट केलं. लिओटाने मान हलवली. बरोबर आहे.

थांबले असते तर वाचले असते कदाचित. पण तिथे बसून सगळं पाहणाऱ्या माणसाला सेंटर फील्डवर कोण उभा आहे हे दिसत नाही, असं कसं चालेल? साहेबांनी घसा साफ केला. "सेंटर फील्डला येतोय... स्प्रेग. उंचापुरा गडी आहे. टोपी जरा तिरकी घातलीय त्याने."

खालून एक आरोळी उठली. पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं ना.

मग नववी इनिंग. दोन बाद, दोन धावपटू वाटेवर. पुढची चिठ्ठी बराच वेळ आली नाही. साहेब बॅट्समनच्या मिशा वर्णन करत वेळ काढत होते. मग लिओटाने टाइप केलं, कागद काढला, नीट फाडला आणि फटीतून सरकवला. या वेळी ती उभी राहिली होती.

चिठ्ठीवर होतं: 'टारव्हिलला सकाळपासून पाऊस आहे. आज सामना झालाच नाही. माझे वडील तुमचं खरं मानून मेले. लिओटा स्प्रेग.'

माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात, ते मी तेव्हा पाहिलं. निळ्या सुटाच्या कॉलरवर त्यांची मान राखेसारखी दिसू लागली. पण जीभ! ती बिचारी सवयीची गुलाम.

"फाऊल," साहेब म्हणाले. "डावीकडे. स्टँडमध्ये."

मी काडी मारली.

"पुन्हा फाऊल. मागे, जाळीवर."

काडी.

"आणखी एक फाऊल..." त्यांचा आवाज पातळ होत चालला होता. काचेपलीकडे लिओटा हात बांधून उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड केलेला एक म्हातारा होता.

मी हात लांब करून तबकडीवरची सुई उचलली.

गर्दीचा गोंगाट एकदम बंद. आणि त्या शांततेत उघड्या खिडकीतून खऱ्या गर्दीचा आवाज माईकमध्ये शिरला. ती हसत होती. "डनलेवी, छत्री घे!" "अहो डनलेवी, भिजाल!" "कोट वाळत घाला साहेब!" हे सगळं शहरभर, घराघरांत ऐकू गेलं.

साहेब माईकवर वाकले आणि म्हणाले, "मित्रहो, तारेमध्ये काही बिघाड..."

खालून तो खाटीक ओरडला, "तार? कसली तार रे? तू तर तिथे बसलायस ना!"

तेवढं पुरलं. साहेबांनी माईक बंद केला आणि दार ढकलून बाहेर आले. जिन्यावर पावलं वाजत होती. वर्तमानपत्राचा वॉल्ट प्रुइट नावाचा बातमीदार वर धावत आला होता. तो दारातच थबकला.

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" साहेब किंचाळले.

"हो. तुम्हाला कळलं होतं का?"

"मला संपवलंत तुम्ही!"

"तुम्ही टारव्हिलला कधी गेला आहात, डनलेवी?"

साहेबांनी प्रुइटकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"त्याच्या दातांतली काडी दिसली तुम्हाला," लिओटा म्हणाली. "तळघरात बसून. नदीच्या या अंगाला. मध्ये एवढा डोंगर."

"अहो, हा धंदा आहे. लोकांना चित्र लागतं. तारेवर येतं, 'पडला'. आता 'पडला' याचं मी काय करू?"

"पडला म्हणून सांगायचं."

"त्यात काय आहे?"

"माझा भाऊ आहे," लिओटा म्हणाली. मग टोपी घातली, पर्स उचलली आणि त्यांच्या शेजारून जाऊन जिना उतरली. खाली लोकांनी तिला वाट करून दिली. ती कोण हे तेव्हा त्यांना माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचा संघ गाडीने परत आला. स्टेशनावर लोक जमलेले. कुणीतरी विचारलं, "अरे, बरोबरी झाली म्हणे काल?" शॉर्टस्टॉपला खेळणारा पोरगा म्हणाला, "कसली बरोबरी? आम्ही हॉटेलात पत्ते कुटत होतो. पत्त्यांत हरलो, एवढं खरं." हेही छापून आलं. प्रुइट इमानदार माणूस. नुसतं हसवून तो थांबला नाही. हार्लन फेरीला जाऊन त्याने तिथल्या जुन्या तारमास्तरला गाठलं. 'पडला' हा शब्द डनलेवीच्या हातात आपणच दिल्याचं म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलं. टारव्हिलच्या ज्या डॉक्टरने एम्मेटचा पाय बांधला होता, तोही भेटला. मैदानातलं ते झाकण तर अजून तिथेच होतं. त्याचा फोटो पहिल्या पानावर आला.

स्टेशनाने साहेबांना काढलं. पुस्तकाचा दुसरा भाग निघाला नाही आणि पहिला दुकानांतून परत गेला. औषधाच्या दुकानदाराने उरलेल्या प्रती दारात थप्पी करून ठेवल्या होत्या, पावसात भिजायला. त्याला वाटलं, हा मोठा विनोद. आमच्या पाद्रीबाबांनी नवीन प्रवचन दिलं, खोट्या साक्षीवर. मागच्या प्रवचनाची आठवण त्यांनी काढली नाही, आणि सभ्य लोक असल्यामुळे आम्हीही काढली नाही. मार्बरीत अजून कुणी थाप मारली की म्हणतात, 'डनलेवीने पाहिलं असेल.'

लिओटाचीही नोकरी गेली. खोटी खबर देणाऱ्या बाईला तारेवर कोण बसवणार? तिला पुन्हा कुठेच यंत्र मिळालं नाही. एका बेकरीत फळं भरलेले गोड 'पाय' भाजायच्या कामाला लागली. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला एकाच गोष्टीची घाई होती.

एम्मेट नदीपलीकडे केंटकीत मालाच्या धक्क्यावर काम करत होता, दुसऱ्याच नावाने. आम्ही दोघी फेरीबोटीने गेलो. लिओटाने वर्तमानपत्राच्या सगळ्या घड्या एका टॉवेलात गुंडाळून छातीशी धरल्या होत्या. तो लंगडत आला. चांगला रुंद, शांत माणूस. त्याला बायको होती, तान्ही मुलगी होती. बायकोने आम्हाला हॅम आणि बीन्स वाढले.

त्याने ते पेपर सगळे वाचले. सावकाश. मग घडी घालून ठेवले.

"प्रुइट येऊन गेला इथे," तो म्हणाला. "फोटो काढून गेला. आता धक्क्यावरच्या सगळ्यांना माहीत झालंय मी कोण."

"मग चांगलंच ना!" लिओटा म्हणाली. "आता तुला तोंड लपवायला नको."

"मी लपवत नव्हतो, ताई. मी ते सोडून दिलं होतं."

"तुझं नाव धुतलं मी, एम्मेट! त्याला भर रस्त्यात नागडा केला!"

"माहीत आहे गं. वाचलं. हसूही आलं मला." त्याला खरंच थोडं हसू आलं होतं. मग ते गेलं. "डनलेवी खोटं बोलला, हे खरं. पण बाबांनी मला विचारलं नाही. मी कुबड्या घेऊन समोर उभा होतो. 'काय झालं रे,' एवढंच विचारायचं होतं. त्याचं तू काय करशील?"

लिओटाने भाचीला मांडीवर घेतलं आणि निघेपर्यंत खाली ठेवलं नाही.

परत येताना बोटीवर ती कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं, रडतेय. जवळ गेले तर डोळे कोरडे. म्हणाली, "तरी मी पुन्हा केलं असतं."

"मीही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

डनलेवीचा पुढे बराच काळ पत्ता नव्हता. मग कुणीतरी सांगितलं, झेन्सव्हिलच्या बस डेपोत आहे, गाड्यांची नावं पुकारतो. कामगार दिनाची सुटी आली. लिओटा चांगला कोट घालून निघाली आणि झेन्सव्हिलला गेली. पुकारणाऱ्याच्या काचेच्या खोलीसमोर एक बाक होता. त्यावर दिवसभर बसली. बोलली नाही, खूण केली नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षीही.

एकदा मी तिच्याबरोबर गेले. डनलेवी पांढरा झाला होता, पण आवाज तोच, लोण्यासारखा. लिओटाने कॉफी आणि चेरीचा 'पाय' घेतला आणि बाकावर बसली. त्याने तिला पाहिलं. दोन गाड्या पुकारल्या. मग खोलीतून खाली उतरून आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मिसेस हेन्स, पुरे करा आता," तो म्हणाला. "मी चुकलो. तुमची माफी मागतो."

लिओटाने काटा बशीत ठेवला. "माझी कशाला? तिथे माईक आहे ना तुमच्यासमोर. त्याच्यावर सांगा. एम्मेट स्प्रेगबद्दल खोटं बोललो म्हणून."

"इथे? या लोकांना काय कळणार त्यातलं? आणि वरचे लोक मला काढून टाकतील."

"माझ्या भावालाही काढलं होतं."

त्याने वळून माईककडे पाहिलं. मला वाटलं, हा जाऊन बोलेल. तो वर गेला, काचेमागे बसला, माईक जवळ ओढला. लिओटा उठून उभी राहिली.

"कोलंबसची गाडी, दार क्रमांक चार," डनलेवी म्हणाला.

लिओटा खाली बसली. बशीत चेरीचा 'पाय' अर्धा उरला होता, तो तिने शांतपणे संपवला, तोंड पुसलं.

"अगं, अजून किती वर्षं?" मी विचारलं.

"त्याच्या हातात आहे ते," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तू थकली असशील तर आधीच्या गाडीने जा पुढे. आपली गाडी संध्याकाळची आहे, मी बसते."

मी गेले नाही. तिच्याशेजारी बसून राहिले.